वर्डमधल्या याद्या आणि क्रमांकित शीर्षकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात टायपिंग आणि डीटीपीचं काम करताना एकच तक्रार अनेकांच्या तोंडून येते: "नंबर बिघडले." प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, गृहनिर्माण संस्थांचे सचिव, शाळेतले शिक्षक, कार्यालयांतले लिपिक असे सगळे याच जागी अडतात, आणि बहुतेक वेळा कागद सादर करायच्या आदल्या रात्री. लोक पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विंडोजवरचा मायक्रोसॉफ्ट वर्ड गृहीत धरला आहे. लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांनी प्रश्न १८ आधी वाचावा. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात, तीच इथे देवनागरीत लिहिली आहेत.

१. मी "१." हाताने टाइप करून पुढे लिहितो. छापल्यावर सारखंच दिसतं. मग आपोआप येणारे क्रमांक कशाला?

एका पानाचं पत्र असेल, तीनच मुद्दे असतील, तर हाताने टाइप करा, काही बिघडत नाही. पण समजा, सोलापूरच्या वस्त्रोद्योगावर प्रबंध आहे. दुसऱ्या प्रकरणात २.१ जुनी मिल, २.२ हातमाग, २.३ यंत्रमाग असे भाग आहेत. मार्गदर्शक म्हणाले, "२.१ नंतर गिरणी कामगारांच्या वस्त्यांवर एक भाग घाला." आता २.२ चे २.३ करायचे, २.३ चे २.४, आणि तसंच शेवटपर्यंत. मजकुरात जिथे "भाग २.३ पाहा" लिहिलंय तिथेही बदल, आणि अनुक्रमणिकेतही. एखादी जागा हमखास राहून जाते आणि परीक्षकाच्या नेमकी तीच नजरेला पडते.

दुसरं, हाताने टाइप केलेल्या क्रमांकात मुद्द्याची दुसरी ओळ थेट क्रमांकाखाली येऊन बसते. ती सरळ करायला लोक स्पेस मारत बसतात, आणि फॉन्ट बदलला की सगळं पुन्हा विस्कटतं.

२. बुलेट कधी द्यायचे आणि क्रमांक कधी?

क्रम बदलला तर अर्थ बदलतो का, एवढंच पाहा. सिद्धेश्वर यात्रेची कार्यक्रमपत्रिका करत असाल तर यण्णीमज्जन, अक्षता सोहळा, होमप्रदीपन, शोभेचं दारूकाम, कप्पडकळ्ळी हा क्रम ठरलेला आहे, तिथे क्रमांक. त्याच पत्रिकेत भाविकांसाठी सूचना असतील आणि त्यांतली कोणतीही आधी वाचली तरी चालत असेल, तर बुलेट. ज्या मुद्द्याचा पुढे कुठे उल्लेख करायचा आहे ("वरील मुद्दा क्र. ४ प्रमाणे"), त्याला मात्र क्रमांकच हवा.

३. एकाच मुद्द्यात दुसरा परिच्छेद लिहायचाय, पण एंटर मारलं की पुढचा क्रमांक येतो. काय करू?

बरेच जण शिफ्ट + एंटर सांगतात. त्याने क्रमांक येत नाही हे खरं, पण मजकूर दोन्ही कडांना समान (जस्टिफाय) असेल तर तोडलेली ओळ ताणली जाते आणि शब्दांमध्ये मोठी भगदाडं पडतात. मी दुसरा मार्ग सुचवेन: एंटर मारा, नवा क्रमांक आला की एकदाच बॅकस्पेस दाबा. क्रमांक जातो आणि परिच्छेद वरच्या मजकुराच्या रेषेत राहतो. पुढचा मुद्दा सुरू करताना क्रमांकाचं बटण दाबा, मोजणी तिथूनच पुढे चालते. नाही चालली तर प्रश्न ५ पाहा.

उपमुद्दा हवा असेल तर ओळीच्या सुरुवातीला टॅब, परत वरच्या पातळीवर यायला शिफ्ट + टॅब.

४. मी काही न करता वर्ड आपणहून यादी तयार करतो. हे बंद कसं करायचं?

ओळीच्या सुरुवातीला अंक, टिंब आणि स्पेस दिसली की वर्ड यादी सुरू झाली असं समजतो. तेवढ्यापुरतं नको असेल तर लगेच कंट्रोल + झेड दाबा. टाइप केलेलं राहतं, फक्त यादी जाते. कायमचं बंद करायला फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप इथे जाऊन ऑटोमॅटिक नंबर्ड लिस्ट्स आणि ऑटोमॅटिक बुलेटेड लिस्ट्स या दोन्हींवरची खूण काढा. मी स्वतः ती काढून ठेवतो. क्रमांक कुठे हवा हे लिहिणाऱ्याने ठरवावं.

५. दुसरी यादी १ पासून सुरू व्हायला हवी, ती ६ पासून सुरू होते. कधी नेमकं उलटं होतं.

त्या क्रमांकावर उजवं क्लिक करा. रीस्टार्ट ॲट १ म्हणजे नव्याने, कंटिन्यू नंबरिंग म्हणजे आधीच्या यादीला जोडून. विशिष्ट आकड्यापासून हवं असेल तर सेट नंबरिंग व्हॅल्यू. हे साध्या याद्यांसाठी ठीक आहे. शीर्षकांच्या क्रमांकांवर मात्र हा उपाय कधीही करू नका. तिथे क्रमांक चुकलाय याचा अर्थ रचनेत कुठेतरी चूक आहे. वरवर रीस्टार्ट केलंत तर ती झाकली जाते आणि दोन प्रकरणांनंतर पुन्हा वर येते. प्रश्न ८ पाहा.

६. नऊपर्यंत यादी सरळ असते, दहापासून मजकूर उजवीकडे सरकतो.

दोन अंकी क्रमांकाला जागा पुरत नाही, म्हणून मजकूर पुढच्या टॅबवर उडी मारतो. जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांची यादी केलीत तरी हे दिसेल. क्रमांकावर उजवं क्लिक, ॲडजस्ट लिस्ट इंडेन्ट्स, आणि टेक्स्ट इंडेन्ट (मजकुराचं कडेपासूनचं अंतर) थोडा वाढवा. एककाखाली एकक यावा असं वाटत असेल तर क्रमांकाची अलाइनमेंट राइट करा.

याच तालुक्यांच्या यादीबद्दल आणखी एक विचारलं जातं: अकारविल्हे लावता येते का? येते. यादी निवडा, होम टॅबवर सॉर्ट. नावं जागा बदलतात आणि क्रमांक १ पासून क्रमानेच राहतात. क्ष आणि ज्ञ ने सुरू होणारी नावं कुठे बसली ते मात्र डोळ्याने तपासा.

७. शीर्षकांना १, १.१, १.१.१ असे क्रमांक द्यायची योग्य पद्धत कोणती?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. क्रमांक ओळीला द्यायचा नाही, स्टाइलला द्यायचा. स्टाइल म्हणजे फॉन्ट, आकार, क्रमांक असं सगळं रूप एका नावाखाली बांधून ठेवलेला साचा.

आधी सगळी शीर्षकं स्टाइलने बांधा. प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल + ऑल्ट + १ दाबलं की हेडिंग १ लागते; त्याखालच्या भागाला कंट्रोल + ऑल्ट + २, त्याखाली कंट्रोल + ऑल्ट + ३. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं अक्षर वर्डच्या लेखी शीर्षक नसतं, ते कितीही शीर्षकासारखं दिसो. हाताने टाइप केलेले जुने क्रमांक आत्ताच काढून टाका, नाहीतर "२.१ २.१ जुनी मिल" असं दिसेल.

मग पहिल्या हेडिंग १ वर कर्सर ठेवा. होम टॅबवर बुलेट आणि क्रमांक यांच्या शेजारी तिसरं बटण आहे, मल्टिलेव्हल लिस्ट. त्यात ज्या चित्रात १, १.१ च्या पुढे हेडिंग १, हेडिंग २ अशी नावं लिहिलेली आहेत तेच निवडा. ही नावं महत्त्वाची. शेजारी हुबेहूब दिसणारं पण नावं नसलेलं चित्र असतं. ते निवडलंत तर क्रमांक स्टाइलला जोडले जात नाहीत आणि पुढचा सगळा त्रास तिथून सुरू होतो.

बदल करायचे असतील तर त्याच बटणाखाली डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट उघडा आणि डावीकडे खाली मोअर दाबा, तेव्हा पूर्ण खिडकी दिसते. डावीकडे पातळी १ ते ९. प्रत्येक पातळीसाठी उजवीकडे लिंक लेव्हल टू स्टाइल या जागी त्या पातळीचं हेडिंग आहे ना, ते पाहा. फॉलो नंबर विथ इथे क्रमांकानंतर टॅब, स्पेस की काहीच नको ते ठरतं. लांबलचक शीर्षकं असतील तर टॅब ठेवा, दुसरी ओळ नीट बसते. खिडकी उघडताना कर्सर नेहमी हेडिंग १ वरच असू द्या.

यानंतर भाग पुढेमागे करायचे असतील तर व्ह्यू टॅबवरून नॅव्हिगेशन पेन (शीर्षकांची यादी दाखवणारी बाजूची पट्टी) उघडा आणि शीर्षक उचलून हव्या त्या जागी टाका. त्याखालचा सगळा मजकूर सोबत जातो आणि क्रमांक आपोआप बदलतात. ज्यांनी हाताने क्रमांक टाइप करून एक प्रबंध पुरा केलाय, त्यांना हे पहिल्यांदा दाखवलं की ते तीनतीनदा करून बघतात.

एक सूचना मजकुराबद्दल: शीर्षक आकड्याने सुरू करू नका. "३.२ १९३० चा मार्शल लॉ" वाचताना डोळा अडखळतो. "३.२ मार्शल लॉ, १९३०" लिहा.

८. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, तरी दुसऱ्या प्रकरणात २.१ च्या ऐवजी १.७ यायलंय. असं का व्हायलंय?

दुसऱ्या प्रकरणाचं नाव वर्डला प्रकरण वाटतच नाही, म्हणून. त्याची मोजणी अजून पहिल्याच प्रकरणात आहे. नॅव्हिगेशन पेन उघडा. दुसऱ्या प्रकरणाचं नाव तिथे दिसत नसेल तर त्याला हेडिंग १ लावलेली नाही, फक्त ठळक केलंय. कंट्रोल + ऑल्ट + १ दाबा, खालचे सगळे क्रमांक एका क्षणात सुधारतील.

नाव तिथे दिसतंय आणि तरीही क्रमांक चुकतोय, तर ते प्रकरण बहुधा दुसऱ्या फाइलमधून आणून चिकटवलेलं आहे आणि सोबत स्वतःची वेगळी यादी घेऊन आलंय. अशा शीर्षकावर कर्सर ठेवून कंट्रोल + क्यू दाबा. वरून लागलेलं परिच्छेदाचं फॉरमॅटिंग निघून जातं आणि स्टाइलचा मूळ क्रमांक परत येतो. पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवरून किंवा मित्राच्या फाइलमधून मजकूर आणताना कीप टेक्स्ट ओन्ली निवडून चिकटवा आणि स्टाइल इथेच लावा. थोडं जास्त काम आहे, पण शेवटच्या रात्रीची झोप वाचते.

९. क्रमांकाच्या आधी "प्रकरण" शब्द हवाय. आणि आमच्या मार्गदर्शकांना तर "प्रकरण पहिले" असंच हवंय.

"प्रकरण १" सोपं आहे. प्रश्न ७ मधल्या खिडकीत पातळी १ निवडा, एंटर फॉरमॅटिंग फॉर नंबर या चौकटीत करड्या रंगात जो आकडा दिसतो त्याच्या आधी "प्रकरण" आणि एक स्पेस टाइप करा. तो करडा आकडा पुसू नका. तो चालता क्रमांक आहे. पुसून त्या जागी स्वतः १ टाइप केलात तर सगळी प्रकरणं "प्रकरण १" होतील.

"पहिले, दुसरे, तिसरे" अशी मोजणी वर्डमध्ये नाही. त्यावर एक मार्ग आहे. पातळी १ च्या चौकटीतला सगळा मजकूर, करड्या आकड्यासकट, पुसून टाका. हेडिंग १ ला क्रमांक दिसणार नाही, पण आतली मोजणी चालू राहते, त्यामुळे खाली १.१, २.१ बरोबर येतात. मग शीर्षकाच्या वर साध्या, मध्यभागी घेतलेल्या ओळीत "प्रकरण पहिले" हाताने टाइप करा. तोटा एकच: अनुक्रमणिकेत फक्त प्रकरणाचं नाव येतं, "प्रकरण पहिले" शेवटी हाताने भरावं लागतं. सहा-सात प्रकरणं असतात, चालून जातं. तरीही विद्यापीठाच्या सूचनांमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर मार्गदर्शकांना "प्रकरण १" साठी विनंती करून पाहा.

१०. क्रमांक १, २, ३ असे मराठी अंकांतच हवेत. यादीत तो पर्यायच दिसत नाही.

फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथे भारतीय भाषा जोडलेली नसेल तर देवनागरी पर्याय लपलेले राहतात. मराठी जोडा, तरी दिसले नाहीत तर हिंदीही जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. मग नंबर स्टाइलच्या यादीत खाली देवनागरी अंक दिसतात. त्याच यादीत अक्षरांत लिहिलेली मोजणीही आहे, पण ती "एक, दो, तीन" अशी हिंदी आहे; मराठी प्रबंधात चुकूनही निवडू नका.

देवनागरी अंक प्रत्येक पातळीला स्वतंत्रपणे निवडावे लागतात. पातळी १ ला निवडून पातळी २ विसरलात तर क्रमांकाचा अर्धा भाग मराठी अंकात आणि अर्धा इंग्रजी अंकात येतो. उजवीकडे लीगल स्टाइल नंबरिंग नावाची खूण आहे, ती इथे लावू नका. ती सगळे अंक इंग्रजी करते. तिचा खरा उपयोग वेगळा आहे: प्रकरणाला रोमन आकडा असेल आणि भागाला मात्र साधा १.१ हवा असेल, तर पातळी २ वर ती खूण करायची.

११. प्रश्नपत्रिकेत अ, ब, क, ड हवंय. वर्ड अ, आ, इ देतो नाहीतर क, ख, ग.

शाळांतून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि रास्त आहे. महाराष्ट्रात प्रश्नपत्रिका, फॉर्म, करारनामे सगळीकडे अ, ब, क, ड चालतं, पण वर्डच्या तयार पर्यायांत हा क्रम नाही, आणि स्वतःची अक्षरमाला भरायची सोयही नाही.

उपप्रश्न चारच असतील तर मल्टिलेव्हल लिस्टच्या खिडकीत पातळी २ च्या चौकटीतला करडा आकडा पुसून "अ)" टाइप करा, पातळी ३ ला "ब)", पातळी ४ ला "क)", पातळी ५ ला "ड)", आणि चारही पातळ्यांचे इंडेन्ट एकसारखे ठेवा. मग टॅब दाबत गेलं की अक्षर बदलतं. ओळी सरळ राहतात आणि पुढच्या परीक्षेला तीच फाइल वापरता येते. उपप्रश्न पुढेमागे केल्यावर अक्षरं आपोआप बदलणार नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. मुख्य प्रश्नाचे "प्र. १", "प्र. २" पातळी १ वर, प्रश्न ९ मध्ये "प्रकरण" जोडलं तसेच.

१२. शीर्षक ठळक आणि मोठं आहे, पण क्रमांक बारीक दिसतो. किंवा उलट.

याची कारणं दोन. पहिलं: वर्डमध्ये क्रमांकाचं रूप परिच्छेदाच्या शेवटी असणाऱ्या अदृश्य खुणेवरून ठरतं. कंट्रोल + शिफ्ट + ८ दाबा, प्रत्येक परिच्छेदाशेवटी ¶ दिसू लागेल. ती खूण निवडून ठळक केली की क्रमांक ठळक होतो. मुद्द्यातला शेवटचा शब्द ठळक करताना ती खूणही निवडली गेली की नको तिथे क्रमांक ठळक होतो, तो प्रकार हाच.

दुसरं कारण फक्त आपल्यासारख्यांना छळतं. वर्ड इंग्रजी अक्षरं आणि देवनागरी यांचे फॉन्ट आणि आकार वेगवेगळे सांभाळतो. शीर्षक निर्मला यूआय १६ मध्ये असतं आणि इंग्रजी अंकातला क्रमांक कॅलिब्री ११ मध्ये. हेडिंग १ वर उजवं क्लिक, मॉडिफाय, फॉरमॅट, फॉन्ट उघडा. तिथे लॅटिन टेक्स्ट आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असे दोन भाग दिसतील. फॉन्ट, ठळकपणा, आकार दोन्हीकडे भरा. देवनागरी अक्षर त्याच आकारात इंग्रजी अंकापेक्षा लहान वाटू शकतं, म्हणून मी लॅटिनचा आकार एखाद्या पॉइंटने कमी ठेवतो.

१३. कृतिदेवमध्ये टाइप करतो. क्रमांकापुढे टिंबाच्या जागी "ण्" येतो आणि कंसाच्या जागी "द्ध".

फॉन्ट बिघडलेला नाही. कृतिदेवमध्ये टिंबाच्या कळीवर ण् आणि बंद कंसाच्या कळीवर द्ध बसवलेला आहे. वर्ड आपल्या परीने टिंबच देतो, कृतिदेव ते स्वतःच्या पद्धतीने रंगवतो. क्रमांकाच्या खिडकीत फॉन्ट बटण दाबून फक्त क्रमांकासाठी एखादा युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीचा) किंवा इंग्रजी फॉन्ट ठरवा, प्रश्न तिथेच मिटतो. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये विचित्र चिन्हं आली तर उपाय हाच.

पण मनापासून सांगायचं तर नवं काम युनिकोडमध्येच सुरू करा. कृतिदेवमधली अनुक्रमणिका दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसेल तर वाचताही येत नाही, आणि प्रबंधातला एकही शब्द नंतर युनिकोड मराठीत टाइप करून शोधता येत नाही.

१४. मनोगत, ऋणनिर्देश, संदर्भसूची यांना क्रमांक नको, पण अनुक्रमणिकेत हवेत. परिशिष्टांना वेगळे क्रमांक हवेत.

मनोगतासाठी हेडिंग १ वर आधारित एक नवी स्टाइल करा, तिला "बिनक्रमांक शीर्षक" असं काही नाव द्या, आणि तिच्या मॉडिफाय, फॉरमॅट, नंबरिंगमध्ये नन (म्हणजे काही नाही) निवडा. इंडेन्ट शून्य करायला विसरू नका. हेडिंग १ लावून तिथल्या तिथे क्रमांक पुसणं टाळा. पुढे केव्हातरी स्टाइल पुन्हा लावली जाते आणि मनोगताचं "प्रकरण १" होऊन बसतं.

परिशिष्टांसाठी हेडिंग ७ वापरा, कारण ती पातळी एरवी कुणी वापरत नाही. प्रश्न ७ च्या खिडकीत पातळी ७ ला हेडिंग ७ जोडा, चौकटीत "परिशिष्ट" लिहून फक्त त्याच पातळीचा क्रमांक ठेवा, आणि रीस्टार्ट लिस्ट आफ्टर वरची खूण काढा. हेडिंग ७ चा फॉन्ट आणि आकार हेडिंग १ सारखा करा.

१५. अनुक्रमणिका केली, पण पानांचे आकडे चुकीचे आहेत, आणि परिशिष्टं आलीच नाहीत.

अनुक्रमणिका आपणहून ताजी होत नाही. तिच्यावर क्लिक करून एफ ९ दाबा आणि अपडेट एंटायर टेबल निवडा. नुसते पान क्रमांक बदलायचा पर्याय फक्त तेव्हा, जेव्हा एकाही शीर्षकाचा शब्द बदललेला नाही. परिशिष्टं येत नाहीत कारण अनुक्रमणिका मुळात हेडिंग १ ते ३ घेते. रेफरन्सेस, टेबल ऑफ कंटेंट्स, कस्टम, ऑप्शन्स इथे हेडिंग ७ समोर १ लिहा; "बिनक्रमांक शीर्षक" या स्टाइलसमोरही १. शीर्षकात शिफ्ट + एंटरने ओळ तोडली असेल तर ती अनुक्रमणिकेतही तुटते, म्हणून तोडू नका.

१६. मजकुरात "भाग २.३ पाहा" लिहिलंय. तो आकडाही आपोआप बदलेल का?

हाताने टाइप केला असेल तर नाही. रेफरन्सेस, क्रॉस-रेफरन्स उघडा, प्रकारात नंबर्ड आयटम निवडा, यादीतून तो भाग निवडा आणि पॅराग्राफ नंबर घाला. साध्या यादीतल्या मुद्द्यांनाही हे चालतं. छापण्याआधी कंट्रोल + ए आणि मग एफ ९. ज्या भागाचा संदर्भ दिला होता तो पुसला गेला असेल तर त्या जागी "एरर!" असा ठळक मजकूर येतो, छापण्याआधी इंग्रजी अक्षरांत "Error" शोधून पाहा. तक्त्यांना "तक्ता २.३" असे प्रकरणाचे आकडे हवे असतील तर इन्सर्ट कॅप्शनमध्ये नंबरिंग, इन्क्लूड चॅप्टर नंबर; हेडिंग १ क्रमांकित नसेल तर ते चालणार नाही.

१७. संस्थेच्या सभेचं इतिवृत्त लिहिते. "विषय क्र." आणि "ठराव क्र." दोन्ही चालते हवेत, पण एका विषयात कधी दोन ठराव होतात.

ताई, याला एकच मल्टिलेव्हल लिस्ट पुरते. पातळी १ च्या चौकटीत "विषय क्र." आणि चालता आकडा. पातळी २ च्या चौकटीत "ठराव क्र." आणि फक्त पातळी २ चा आकडा. आता पातळी २ वर रीस्टार्ट लिस्ट आफ्टर ही खूण काढा. विषय बदलला तरी ठराव १ पासून सुरू होणार नाही, पुढे चालू राहील. ठरावांचे क्रमांक मागच्या सभेपासून पुढे नेत असाल तर पातळी २ ला स्टार्ट ॲट मध्ये आकडा भरा. दोन्ही पातळ्यांना इंडेन्ट शून्य ठेवा, इतिवृत्ताच्या वहीसारखं दिसेल.

कार्यालयीन पत्रातल्या "संदर्भ : १) २) ३)" बद्दलही बरेच जण विचारतात. तिथे यादीशी झगडू नका. तीन रकान्यांचा, रेघा नसलेला तक्ता घ्या: पहिल्यात "संदर्भ", दुसऱ्यात विसर्गचिन्ह, तिसऱ्यात क्रमांकित यादी. तक्त्यात टॅब दाबला की कर्सर पुढच्या चौकटीत जातो, म्हणून उपमुद्द्यासाठी ऑल्ट + शिफ्ट + उजवा बाण वापरा. "वरील संदर्भ क्र. २ अन्वये" मधला आकडा प्रश्न १६ प्रमाणे घाला.

१८. लिब्रेऑफिस किंवा गुगल डॉक्समध्ये हेच कसं?

लिब्रेऑफिस रायटरमध्ये शीर्षकांचे क्रमांक टूल्स मेनूतल्या हेडिंग नंबरिंगमध्ये ठरतात. जुन्या आवृत्त्यांत त्याचंच नाव चॅप्टर नंबरिंग आहे. स्टाइलला क्रमांक जोडायचा हे तत्त्व तेच, आणि खरं सांगायचं तर इथली खिडकी वर्डपेक्षा समजायला सोपी आहे. एफ ११ ने स्टाइल्स उघडतात, एफ १२ ने साधी क्रमांकित यादी सुरू होते. फाइल शेवटी वर्डमध्ये द्यायची असेल तर पहिल्या दिवसापासून डॉक्सएक्स (वर्डच्या फाइलचा प्रकार) मध्येच जतन करा आणि क्रमांक मधूनमधून वर्डमध्ये उघडून तपासा.

गुगल डॉक्स चौघांनी मिळून कच्चा मजकूर लिहायला उत्तम आहे. शीर्षकांचे क्रमांक मात्र तिथे देऊ नका. फक्त हेडिंग स्टाइल लावा, फाइल वर्डमध्ये उतरवा आणि क्रमांक इथे द्या.

१९. शीर्षकाच्या क्रमांकाच्या जागी काळा चौकोन आलाय!

घाबरू नका, मजकूर सुरक्षित आहे. त्या पातळीची क्रमांकाची माहिती बिघडली आहे. चौकोनाच्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवा आणि डावा बाण दाबत जा, चौकोन करडा होईपर्यंत. मग कंट्रोल + शिफ्ट + एस, आणि आलेल्या छोट्या खिडकीत रीअप्लाय. बुलेटच्या जागी पांढरे चौकोन दिसत असतील तर तो वेगळा प्रकार आहे: बुलेट विंगडिंग्ज किंवा सिंबल फॉन्टमधली आहे आणि समोरच्याच्या फोनवर तो फॉन्ट नाही. साधा • निवडा.

२०. प्रेसवाल्यांनी फाइल पेजमेकरमध्ये घेतली आणि सगळे क्रमांक गायब झाले.

आपोआप येणारे क्रमांक मजकुरात लिहिलेले नसतात, वर्ड ते दाखवताना काढतो. दुसरं सॉफ्टवेअर नुसता मजकूर उचलतं तेव्हा ते मागे राहू शकतात. प्रेसला छापायलाच द्यायचं असेल तर पीडीएफ द्या, फॉन्टही त्यातच बसतात. ते पुन्हा मांडणी करणार असतील तर सगळा मजकूर कॉपी करून नव्या फाइलमध्ये पेस्ट स्पेशल, अनफॉरमॅटेड टेक्स्टने चिकटवा. क्रमांक टाइप केल्यासारखे पक्के होतात. ठळक-तिरपं जातं, म्हणून सोबत पीडीएफही पाठवा आणि मांडणी त्यावरून जुळवायला सांगा. मूळ वर्ड फाइल स्वतःकडे ठेवा आणि दुरुस्त्या तिच्यातच करा.